पाठमोरा उतार : प्रस्तावना

लखनौला आले त्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. घरमालकीणबाई गच्चीवर वाळत घातलेल्या वड्या घाईघाईनं गोळा करत होत्या. मला म्हणाल्या, "पुरवा चल पड़ी है, अब बरसेगा." मी सवयीनं पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे आभाळ स्वच्छ होतं. अर्ध्या तासानं माझ्या पाठीमागून, म्हणजे पूर्वेकडून, पाऊस आला आणि माझे कपडे भिजले.

मी वाईची. पाऊस कुठून येतो हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. महाबळेश्वरच्या बाजूला काळं झालं की दोऱ्यांवरचं काढायचं, एवढं पोरांनाही कळतं. लखनौत मात्र पश्चिमेचा वारा, पछुआ, म्हणजे धूळ आणि लू. पाऊस आणतो तो पूर्वेचा पुरवा. बंगालच्या उपसागरावरून उत्तरेला निघालेलं वारं हिमालयाला अडतं, डावीकडे वळतं आणि गंगेच्या मैदानातून पश्चिमेकडे सरकत लखनौला पोचतं. या शहराच्या कुठल्याही गच्चीवरून हिमालय दिसत नाही. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर आणि ताटासारखं सपाट. तरी न दिसणाऱ्या त्या डोंगरानं पावसाची दिशाच फिरवलेली आहे. या पुस्तकाचं बी त्या गच्चीवर पडलं. उगवायला पुढे वीस-बावीस वर्षं लागली, त्याला माझा आळस आणि पोटासाठीची शिकवणी ही दोन कारणं पुरेशी आहेत.

डोंगराच्या एका अंगाला धो धो पाऊस आणि दुसऱ्या अंगाला दुष्काळ, हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायची गरज नाही. शाळेच्या भूगोलात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केले आहेत. माझी तक्रार त्या शब्दांबद्दलच आहे. 'छाया' म्हटलं की डोंगर ही भिंत वाटते आणि सावली कायमची एकाच अंगाला पडलेली वाटते. पुस्तकातल्या आकृतीतही तसंच असतं: डावीकडे समुद्र, मधे त्रिकोण, उजवीकडे दोन निवडुंग. मी स्वतः वर्गात ती आकृती बरीच वर्षं काढली. 'वाताभिमुख' आणि 'वातविन्मुख' हे जडशीळ जोडशब्द मी या पुस्तकात शक्य तिथे टाळले आहेत. वाऱ्याला तोंड देतो तो सामोरा उतार आणि वाऱ्याकडे पाठ करतो तो पाठमोरा, एवढ्यावर मी भागवलं आहे. एक तर हे शब्द तोंडात बसतात. दुसरं म्हणजे, पाठमोरं माणूस वळूही शकतं.

आधी आमच्या घाटाची गोष्ट. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि तिथून पुढे महाबळेश्वर, हा रस्ता सगळा मिळून तीस-बत्तीस किलोमीटरचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वाईला आठशेच्या आसपास. हे आकडे प्रसिद्ध आहेत. पण खरी गंमत मधल्या पाचगणीत आहे. उंचीत पाचगणी महाबळेश्वरच्या फार मागे नाही, फरक शंभर मीटरच्या आत-बाहेर. तरी तिथला पाऊस महाबळेश्वरच्या साधारण तिसरा हिस्सा. उंचीमुळे पाऊस पडतो हे वाक्य पाचगणीत उभं राहून म्हणता येत नाही. डोंगराची कड सुटली की दर चार-पाच मैलांना पाऊस उतरत जातो. पुढे वाई-सातारा ओलांडून माणदेशात दहिवडीला गेलं की वर्षाचा पाऊस पाचशेच्या घरात येतो, आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही.

असं का होतं, ते थोडक्यात सांगते. पुढे एक सबंध प्रकरण त्यावर आहे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला भिडते आणि तिला वर चढावंच लागतं. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि फुगताना गार होते. कोरडी असली तर किलोमीटरमागे दहा अंशांनी. पण वाफेचं पाणी होऊ लागलं की त्या वाफेत दडलेली उष्णता बाहेर पडते आणि गार होण्याचा वेग सहा अंशांच्या आसपास येतो. ढग झाले, पाणी पडून गेलं. आता तीच हवा पलीकडे उतरते तेव्हा दाबली जाऊन तापते, आणि उतरताना मात्र पुरत्या दहा अंशांच्या हिशोबानं. चढताना सहा गमावले, उतरताना दहा कमावले. म्हणून पाठमोऱ्या उतारावरची हवा नुसती रिकाम्या हातांची नसते, ती तहानलेली असते. वरून आलेले ढगांचे तुकडेही ती विरवून टाकते. जुलैत वाईच्या गणपती घाटावर बसून पश्चिमेला पाहिलं तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. डोंगरमाथ्यावर ढगांची गोधडी पडलेली असते, तिची किनार आपल्या बाजूला लोंबते आणि थोडी खाली आली की नाहीशी होते. लहानपणी मला वाटायचं, ते ढग कुणीतरी मागून ओढून धरतं.

झाडं हा हिशोब मापकापेक्षा चोख ठेवतात. महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा; बारमाही हिरवं, फार उंच न वाढलेलं, बुंध्यावर शेवाळं आणि फांद्यांवर आमरी. पाचगणीच्या टेबललँडवर गवत. घाट उतरला की पानगळीची झाडं. आणि माणमध्ये बाभूळ, बोर, हिवर, तरवड आणि पायजम्यात घुसणारी कुसळं. एका दिवसात हे सगळं एसटीच्या खिडकीतून पाहता येतं. पण गावंसुद्धा तसाच हिशोब ठेवतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ओल्या बाजूच्या पावसात माणूस जी घोंगडी पांघरतो, ती कोरड्या बाजूच्या मेंढीची असते. मेंढराला सततचा चिखल सोसत नाही, खूर सडतात. म्हणून मेंढपाळी वाढली ती पाठमोऱ्या उतारावर. दिवाळी झाली की माणदेशी धनगर आपला वाडा घेऊन घाट उतरून कोकणात जातात, तिथल्या शेतांत मेंढरं बसवतात आणि पाऊस लागायच्या आत माघारी फिरतात. दोन उतारांत पाण्याची नसली तरी लोकरीची आणि लेंडीखताची देवाणघेवाण शतकानुशतकं चालू आहे. पाण्याचीही आहेच म्हणा. कृष्णा ओल्या माथ्यावर उगम पावते आणि ते पाणी कोरड्या देशाला नेते. कोयनेचं मात्र आपण उलटं केलं. विजेसाठी तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडलं, जिथे आधीच पावसानं लोक कावलेले. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाच्या हिशोबात ते साडेसदुसष्ट टीएमसी आहे. त्यावरचं भांडण मी इथे उकरत नाही, ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

माणदेशानंच मला 'छाया' या शब्दाबद्दल पहिल्यांदा सावध केलं. तिथला शेतकरी मृगाकडे आशेनं बघतो, पण त्याची भिस्त असते उत्तरा आणि हस्तावर. सप्टेंबर-ऑक्टोबरात नैर्ऋत्येचा जोर ओसरतो, वारं पालटतं, पूर्वेकडून ढग येऊ लागतात. मग तोच सह्याद्री, तोच उतार, पण पाठमोरा भाग आता सामोरा झालेला असतो. परतीचा पाऊस माणला देतो तो असा. महाबळेश्वर तेव्हा पर्यटकांसाठी झाडलोट करत असतं. दक्षिणेत हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडतं: जून ते सप्टेंबर केरळ भिजतो आणि तामिळनाडू वाट पाहतो, ऑक्टोबर ते डिसेंबर तामिळनाडूच्या किनाऱ्याची पाळी. उतार सामोरा की पाठमोरा हे डोंगर ठरवत नाही, वारा ठरवतो. आणि वाऱ्याला ऋतू असतात.

हिमालयाचा पाठमोरा उतार पुष्कळ मराठी माणसांनी पाहिला आहे, फक्त त्या नावानं नाही. मुक्तिनाथाच्या यात्रेला आपल्याकडून बसगाड्या भरून लोक जातात, त्यांतल्या काही लखनौवरूनच पुढे निघतात. पोखऱ्यात हिरवंगार, घरांना उतरती छपरं. जवळच्या लुमलेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, म्हणजे आपलं महाबळेश्वरच. अन्नपूर्णेला वळसा घालून काली गंडकीच्या घळीतून जोमसोमला पोचलं की अंतर सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर, पण पाऊस तीनशेच्या आत. मातीची सपाट धाब्याची घरं, धाब्यावर रचलेली जळणाची काटकं, आणि दुपारी दगड उडवणारा वारा. आमच्या ओळखीच्या एक आजी परत आल्यावर म्हणाल्या, "मुक्तिनाथ नेपाळात कसला, तो तर राजस्थानात आहे." यापेक्षा नेमकं वर्णन मला जमलेलं नाही.

त्याच गंडकीतून आपल्या देवघरातला शाळिग्राम येतो. काळा गुळगुळीत दगड, फोडला तर आत चक्राची नक्षी. ती नक्षी समुद्रात राहणाऱ्या एका प्राण्याच्या कवचाची आहे. त्याची जात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपली. जिथे आज तीनशे मिलिमीटर पाऊस पडत नाही तो प्रदेश एकेकाळी समुद्राचा तळ होता. कार्तिकात तुळशीचं लग्न आपण लावतो ते या दगडाशी. मला त्यात कोरड्या आणि ओल्या उताराची सोयरीक दिसते. पण हा माझा चाळा, त्याला आधार काही नाही.

इथून पुस्तक लखनौला परत येतं. मराठी माणसाला लखनौ म्हटलं की पंडित भातखंडे आणि १९२६ साली त्यांनी उभं केलेलं संगीताचं महाविद्यालय आठवतं, आणि ते योग्यच आहे. मी मात्र या शहराची ऋणी आहे ती आणखी एका माणसामुळे. बिरबल साहनी १९२१ साली लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास हे त्यांचं काम. गोमतीपासून हाकेच्या अंतरावर, युनिव्हर्सिटी रोडवर, त्यांनी स्थापन केलेली संस्था आहे. तिची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ३ एप्रिल १९४९ रोजी बसली. त्या कोनशिलेत निरनिराळ्या ठिकाणचे जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर आठवडाभरातच साहनी गेले. पुढे संस्था उभी केली ती त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी.

१९३६ साली 'करंट सायन्स'मध्ये साहनींनी एक मत मांडलं. हिमालयाचा उठाव ही फार पुरातन, संपून गेलेली गोष्ट नाही, पृथ्वीवर माणूस वावरू लागल्यानंतरही तो वर येत राहिला आहे. याला साक्ष काढायची ती कुठून? काश्मीर खोऱ्यातून. तिथे 'करेवा' म्हणतात ती पठारं आहेत, जुन्या सरोवराच्या गाळाची. पांपोरचं केशर याच मातीत होतं. या गाळाचे थर खोऱ्याच्या तळाशी आडवे आहेत. पण पीर पंजालच्या अंगावर ते तिरपे होऊन, डोंगराबरोबर उचलले जाऊन, दहा हजार फुटांच्या आसपास सापडतात. तिरपं सरोवर कुणी पाहिलेलं नाही. गाळ आधी साचला, डोंगर नंतर चढला.

त्या गाळात पानं आहेत. साहनींच्या हाताखाली तयार झालेले जी. एस. पुरी यांनी १९४०च्या दशकात ती तपासली. त्यांत ओकची पानं होती, कुमाऊँत ज्याला बांज म्हणतात त्या कुळातली. आज काश्मीर खोऱ्याच्या रानात ओक नाही. पीर पंजाल ओलांडून दक्षिणेला, जिथे पावसाळ्याचा पाऊस पोचतो, तिथे आहे. याचा अर्थ लावायला फार पांडित्य लागत नाही. ही पानं गळली तेव्हा पीर पंजाल एवढा उंच नव्हता, मान्सून खोऱ्यात शिरत होता. डोंगर वाढला, दार लागलं, ओक गेला. श्रीनगरला आज वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला मोठा भाग हिवाळ्यात आणि वसंतात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांचा. पावसाळ्यासाठी पाठमोरं झालेलं खोरं हिवाळ्यासाठी सामोरं राहिलं. या निष्कर्षावर एक शंका घेता येते: त्या काळची हवाच निराळी असेल, तर झाडं बदलायला डोंगर इतका वाढायची गरज नाही. ही शंका रास्त आहे. डोंगर किती आणि किती वेगानं वाढला यावर मतभेद राहणार. पण तिरप्या गाळाचं काय करायचं, हा प्रश्न शंका घेणाऱ्यालाही सुटत नाही.

करेवाच्या गाळात शिंगाडाही सापडला आहे. हे वाचलं त्या दिवशी मी घरी येताना वाटेत थांबले. हिवाळ्याचे दिवस होते. लखनौत तेव्हा जागोजाग हातगाड्यांवर उकडलेले शिंगाडे काळ्या ढिगानं मांडलेले असतात, वर ओलं फडकं, बाजूला हिरवी चटणी. पावभर घेतले. शिंगाड्याला दोन्ही बाजूंना शिंगं असतात, त्यांची टोकं अशी टणक की सोलताना बोटात घुसतात. चिखलात फळ कुजून गेलं तरी हा सांगाडा का टिकतो ते बोटाला कळलं. तळ्याच्या संथ पाण्यावर तरंगणारी ही वेल. काश्मिरात वुलर सरोवरात आजही ती आहे. गाडीवाल्याला मी सांगितलं, की हे फळ लाखो वर्षांपूर्वीच्या मातीत दगड होऊन निघालं आहे. तो म्हणाला, "हमारे वाले तो आज सुबह के हैं, बहनजी."

पुरींचं नाव मला पुन्हा भेटलं तेव्हा मी लखनौत नव्हते, वाईला माहेरी होते. महाबळेश्वरच्या झाडांविषयी जुनं काही मिळतंय का बघत होते. १९६० साली पुरी आणि महाजन यांनी महाबळेश्वर परिसरातल्या सदाहरित वनस्पतींवर लिहिलेला लेख हाती आला. 'इंडियन फॉरेस्ट इकॉलॉजी' हा पुरींचा ग्रंथही त्याच वर्षीचा. ज्या माणसानं काश्मीरच्या पाठमोऱ्या खोऱ्यातून हरवलेली पानं वाचली, तोच पुढे माझ्या घरामागच्या डोंगराच्या सामोऱ्या माथ्यावर जिवंत पानं मोजत होता. मी उलट्या वाटेनं गेलेले, वाईहून लखनौला. त्या दिवशी पुस्तकाचा आराखडा आपोआप ठरला.

विदर्भाच्या सीमेवर, छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलां इथल्या दगडांवरही साहनींनी काम केलं होतं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या त्या खडकांत ताडकुळातली झाडं आहेत. खाडीच्या काठी चिखलात वाढणारी निपा आहे. आज तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. ती झाडं वाढत होती तेव्हा सह्याद्रीचा कडाही आजच्यासारखा उभा नव्हता, मग त्याची सावली कुठली? मोहगावच्या या दगडांवरच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे. समतोलाच्या दृष्टीनं ते बरोबर नाही हे मला ठाऊक आहे.

दोन सूचना. पहिली कुमाऊँविषयी. नोव्हेंबर २०००पर्यंत नैनीताल-अल्मोड्याचा कारभार लखनौहूनच चाले, त्यामुळे इथल्या लोकांना तो डोंगर अजून घरचा वाटतो आणि माझ्या विद्यार्थ्यांनी तिथले पुष्कळ फोटो आणून दिले. त्या फोटोंत एकाच दरीच्या एका बाजूला बांज आणि समोरच्या बाजूला चीड दिसतो. बघणारा चटकन म्हणतो, ही पर्जन्यछाया. बहुतेक वेळा ती नसते. दोन्ही उतारांवर पाऊस जवळपास सारखाच पडतो, फरक उन्हाचा असतो. दक्षिणेकडे तोंड केलेला उतार दिवसभर तापतो, ओल धरत नाही, तिथे चीड तगतो. उत्तरेच्या सावलीत बांज. म्हणजे डोंगराला पावसाची एक पाठ असते आणि उन्हाची दुसरी, आणि त्या एकच असतील असं नाही. मी स्वतः या बाबतीत एकदा भर वर्गात तोंडघशी पडले आहे. ती हकिकत पाचव्या प्रकरणात येते.

दुसरी सूचना लखनौच्या पावसाविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी मैदानातला कमी दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन टेकतो. त्याला पावसाचा खंड म्हणतात, पण खंड सगळ्यांनाच नसतो. मध्य भारत कोरडा पडतो, महाराष्ट्रातलं पीक माना टाकतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पायथ्यावर पाऊस कोसळून शारदा, घाघरा, राप्ती तराईतली गावं बुडवतात. लखनौ या दोहोंच्या मधे. अशा एका ऑगस्टमध्ये वाईहून भावाचा फोन आला, की विहिरीनं तळ गाठला. त्याच संध्याकाळी लखीमपूरकडची माझी एक विद्यार्थिनी निरोप न देता गावी गेली होती, घरात पाणी शिरलं म्हणून. दोघांच्याही अडचणीचं कारण एकच होतं, तीन-चारशे मैल सरकलेला एक पट्टा. या खंडावर स्वतंत्र प्रकरण हवं होतं. ते लिहून काढलं, दोनदा फाडलं, आणि आता परिशिष्ट म्हणून जोडलं आहे.

पावसाचे आकडे सर्वत्र मिलिमीटरमध्ये आणि पूर्णांकांत दिले आहेत. जुन्या नोंदींतले इंच बदलून घेतले. नकाशे हातानं काढलेले आहेत, त्यांत सह्याद्री जरा जाड झाला आहे. ज्या ग्रंथपालांनी मला दुपारच्या सुट्टीतही वाचनालयात बसू दिलं आणि ज्या एसटी चालकानं पसरणीच्या घाटात ढगांची किनार दाखवायला गाडी दोन मिनिटं थांबवली, त्यांची नावं मला माहीत नाहीत.

लखनौ,
कोजागरी पौर्णिमा